न्यूझीलंडच्या लष्करी वसाहतकारांची घराणी शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑकलंड आणि हॅमिल्टनच्या आसपास आता बरीच मराठी घरे स्थिरावली आहेत. कुणाची लेक इथल्या जुन्या घराण्यात दिली आहे, कुणाच्या नातवंडांना शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. मग व्याही सहज बोलून जातात, “आमचा मूळ पुरुष फेन्सिबल होता,” किंवा “आम्ही वायकाटो मिलिशियाचे.” आपल्याला त्याचा अर्थ लागत नाही आणि पुढे विचारायचा संकोच वाटतो. अशा वाचकांसाठी, आणि वसाहतींच्या इतिहासात रस असलेल्या कुणासाठीही, ही प्रश्नोत्तरे.

फेन्सिबल आणि मिलिशिया सेटलर हे एकच का?

नाही. दोघांना सेवेच्या बदल्यात जमीन मिळाली, एवढेच साम्य. मध्ये पंधरा-सोळा वर्षांचे अंतर आहे आणि माणसेही वेगळ्या जातकुळीची आहेत.

रॉयल न्यूझीलंड फेन्सिबल्स हे ब्रिटिश लष्करातले निवृत्त, पेन्शन घेणारे शिपाई. १८४५-४६ मध्ये बे ऑफ आयलंड्समध्ये लढाई झाली, कोरोरारेका गाव हातचे गेले आणि त्या वेळी राजधानी असलेल्या ऑकलंडला धास्ती बसली. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी लंडनकडे कुमक मागितली. कायमची फौज ठेवणे महाग, म्हणून पेन्शनर शिपाई बायकामुलांसह पाठवायचे ठरले. ‘रॅमिलीज’ हे पहिले जहाज ऑगस्ट १८४७ मध्ये ऑकलंडला लागले. १८५२ पर्यंत अशी दहा जहाजे आली. सातशेहून थोडे जास्त शिपाई आणि घरची माणसे धरून अडीच हजारांवर लोक. त्यांना ऑकलंडच्या दक्षिणेला व पूर्वेला चार ठिकाणी वसवले: ओनेहुंगा, पानम्युअर, हॉविक आणि ओटाहूहू. हॉविक हे नाव तेव्हाचे वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांच्या घराण्यातल्या किताबावरून आले. गव्हर्नर ग्रे आणि हे अर्ल ग्रे वेगळे. जुनी कागदपत्रे वाचताना हा घोळ हमखास होतो.

वायकाटो मिलिशिया, म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेच्या वायकाटो मुलखातल्या लढाईसाठी जमिनीच्या बोलीवर भरती केलेली वसाहतकारांची फौज, १८६३ ची. त्यातले बरेचसे तरुण आणि अविवाहित होते. ओटागो, व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधल्या सोन्याच्या खाणींवर नशीब काढायला गेलेले, हाती फारसे न लागलेले. वय चाळिशीच्या आत हवे आणि तीन वर्षे सेवेची तयारी हवी. त्यांच्या चार पलटणी झाल्या. पहिली टौरांगाला, दुसरी अलेक्झांड्रा म्हणजे आजचे पिरोंगिआ आणि किहीकिहीच्या पट्ट्यात, तिसरी केंब्रिजला आणि चौथी हॅमिल्टनला वसली.

व्याह्यांनी नुसते “मिलिशिया” म्हटले, तर घराणे ऑकलंडमध्ये १८४७-५२ च्या सुमारास आले की १८६३ नंतर, एवढे आधी विचारा. पुढचा सगळा शोध या एका उत्तरावर ठरतो.

फेन्सिबल कुटुंबांना नेमके काय मिळत असे?

सगळ्या घराला फुकट प्रवास, एक एकर जमीन आणि तिच्यावर दोन खोल्यांचे लाकडी घर. सात वर्षे सेवेच्या अटी पाळल्या की दोन्ही मालकीची. पेन्शन चालूच. त्या बदल्यात वर्षातून ठरावीक दिवस कवायत, रविवारी चर्चच्या वेळी हजेरी, आणि गरज पडली तर हत्यार उचलायचे.

कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात पहिली जहाजे आली तेव्हा घरे बांधून झालेली नव्हती. मधल्या काळात लोक तंबूत, छपरात आणि राउपो म्हणजे पाणगवताच्या झोपड्यांत राहिले. बंदुकीखेरीज दुसरे काम न शिकलेल्या माणसाला एक एकरात घर चालवणे कठीण. रस्त्यांची कामे, दगडखाणी, शहरातली मजुरी यांवर बहुतेकांनी दिवस काढले. बायकांनी कोंबड्या, डुकरे, भाजीपाला आणि धुणी यांवर संसार तोलला. तो हिशेब कुठल्याही पलटणीच्या वहीत लिहिलेला नाही.

यातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. १८४९ मध्ये ऑकलंडच्या रक्षणासाठी मांगेरेला माओरींचीही अशीच वसाहत झाली. ती वायकाटोचे थोर पुढारी पोटाटाऊ ते वेरोवेरो यांच्या लोकांची. १८५८ मध्ये किंगितांगाने, म्हणजे माओरी राजाच्या चळवळीने, त्यांना पहिला राजा केले. आणि १८६३ च्या जुलैमध्ये याच मांगेरेच्या लोकांना सरकारने बजावले की राणीशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर मांगाटाफिरी ओढ्यापलीकडे चालते व्हा. शहराचे राखणदार म्हणून बोलावलेली माणसे चौदा वर्षांत हाकलली गेली.

मिलिशियाला मिळालेली जमीन कुठून आली?

जप्तीतून. हे उत्तर मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

१२ जुलै १८६३ रोजी ब्रिटिश फौज मांगाटाफिरी ओलांडून वायकाटोत घुसली. नोव्हेंबरात रांगिरिरीची माओरी तटबंदी पडली. फेब्रुवारी १८६४ मध्ये रांगिआओफियावर हल्ला झाला. हे गाव गहू पिकवणारे, पिठाच्या गिरण्या चालवणारे, ऑकलंडच्या बाजाराला धान्य पुरवणारे. एप्रिलच्या सुरुवातीला ओराकाऊची लढाई संपली. त्याआधीच, डिसेंबर १८६३ मध्ये, न्यूझीलंड सेटलमेंट्स कायदा मंजूर झाला होता. त्याच्या आधाराने वायकाटोत सुमारे बारा लाख एकर जमीन सरकारजमा झाली. यालाच रौपातु म्हणतात. काही भाग पुढे ‘निष्ठावान’ ठरवलेल्यांना परत दिला गेला, पण बहुतेक जमीन गेली ती गेलीच. लक्षात घ्या, मिलिशियाच्या भरतीची जाहिरात कायद्याच्याही आधीची, ऑगस्ट १८६३ ची. जमीन हातात येण्यापूर्वीच तिचे वाटप ठरले होते.

वाटप हुद्द्याप्रमाणे होते. साध्या शिपायाला ५० एकर शेत आणि गावात एक एकर, कॉर्पोरलला ६०, सार्जंटला ८०, कॅप्टनला ३००, त्यावरच्या अधिकाऱ्याला ४००. कुणाला कुठला तुकडा, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचे. घराण्यात “पणजोबा कॅप्टन होते” असे सांगत असतील, तर जमिनीचा आकडा तपासा. पन्नास एकर निघाले तर ते शिपाई होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

यादीत नाव आहे, पण जमिनीवर माणूस कधी दिसतच नाही. असे का?

कारण बरेच जण टिकलेच नाहीत. वायकाटोतले कितीतरी तुकडे दलदलीचे होते. रस्ते नव्हते, बाजार दूर, आणि शेत गावापासून काही मैलांवर. सरकारी शिधा थांबल्यावर भांडवल नसलेला माणूस काय खाणार? त्यात शाही पलटणी मायदेशी परतू लागल्या आणि त्यांच्यावर चालणारा व्यापार बसला. १ ऑगस्ट १८६७ रोजी थेम्सची सोन्याची खाण खुली झाली आणि तरुण तिकडे धावले. पट्टा हातात पडताच, कधी त्याआधीच, जमिनीचा हक्क विकून टाकणारे पुष्कळ होते. असे तुकडे गोळा होऊन मोठ्या जमीनदारांच्या आणि कंपन्यांच्या जहागिऱ्या उभ्या राहिल्या.

हॅमिल्टनचे उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट १८६४ रोजी कॅप्टन विल्यम स्टील यांच्याबरोबर चौथ्या पलटणीची पहिली माणसे ‘रांगिरिरी’ या नदीबोटीतून किरिकिरिरोआला उतरली. गावाला नाव दिले ते त्याच वर्षी ‘गेट पा’ या माओरी तटबंदीवरच्या लढाईत पडलेल्या नौदलाच्या कॅप्टन हॅमिल्टन यांचे. काही वर्षांतच वस्ती रोडावली. आज तिथे मोठे शहर आहे, पण मूळ मिलिशियाच्या तुकड्यावर अजून नांदणारी घराणी थोडी.

म्हणून पूर्वज १८६८ नंतर वायकाटोतून नाहीसा झाला, तर तो मेला असे धरू नका. थेम्सची वर्तमानपत्रे चाळा, ऑकलंडच्या मतदारयाद्या पाहा, ऑस्ट्रेलियाला परत जाणाऱ्या जहाजांच्या याद्या पाहा.

बायका आणि मुले कुठे सापडतील?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी विचारला जातो. लष्कराचे दप्तर एका माणसाचे असते: नाव, वय, उंची, जन्मगाव, आधीचा धंदा. घरातल्या उरलेल्या सहा-सात जणांचे काय? आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही जुन्या पिढ्यांत सून नुसती ‘पत्नी’ म्हणून येते आणि मुली गळून जातात. इथेही तेच झाले आहे. ज्यांनी घर उभे केले, त्यांना शोधायला दुसऱ्या कागदांकडे जावे लागते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी कागद म्हणजे विवाहाच्या इच्छेची नोंद. १८५६ पासून पुढे शंभर वर्षे लग्नाआधी निबंधकाकडे ही नोंद करावी लागे. तिच्यात वधूवरांचे वय, धंदा, राहते गाव, तिथे किती दिवसांपासून राहतात हे असते. मुलगी एकवीसच्या आत असेल तर संमती देणाऱ्याचे नाव असते. फेन्सिबलांच्या मुली लहान वयात लग्न करत, त्यामुळे ‘संमती: वडील’ या दोन शब्दांनी अनेक घरे जोडली जातात. संमती आईची असेल तर वडील बहुधा हयात नाहीत. ती दुसऱ्याच आडनावाच्या पुरुषाची असेल, तर आईने पुनर्विवाह केलेला असू शकतो. विधवांनी लवकर पुन्हा लग्न करणे तेव्हा सर्रास होते, कारण लेकरे घेऊन एकटीने सरहद्दीवर जगणे अशक्य होते. अशी मुले सावत्र वडिलांच्या आडनावाने वाढतात आणि वंशवृक्षातून अचानक गायब होतात. हे वह्यांचे संच आर्काइव्ह्ज न्यूझीलंडकडे आहेत.

जन्म आणि मृत्यूची सरकारी नोंद युरोपीय लोकांसाठी १८४८ पासून आहे, पण सुरुवातीची वर्षे पोकळ आहेत. खेड्यातून निबंधकापर्यंत कोण जाणार? तिथे चर्चची बाप्तिस्म्याची वही कामाला येते. हॉविकचे ऑल सेंट्स चर्च १८४७ चे आहे. फेन्सिबलांत आयरिश कॅथलिक बरेच होते, त्यांच्या नोंदी कॅथलिक धर्मप्रांताकडे पाहाव्या लागतात. १८७६ पासून मृत्यूचा दाखला एकदम बोलका होतो. त्यात आईवडिलांची नावे, जन्मस्थान, न्यूझीलंडमध्ये किती वर्षे झाली, लग्न कुठे व कितव्या वर्षी, हयात मुलांची वये असे सारे असते. पूर्वज १८७६ नंतर वारला असेल तर तो दाखला आधी मिळवा. तो १८७० ला गेला असेल, तर त्याच्या धाकट्या भावंडांचे दाखले मागवा.

आणि १८९३ चा मताधिकाराचा अर्ज विसरू नका. स्त्रियांना मत मिळावे म्हणून त्या वर्षी केलेल्या अर्जांवर मिळून तीस हजारांहून जास्त सह्या होत्या आणि त्यांतला उरलेला मुख्य अर्ज नावाने शोधता येतो. फेन्सिबलाची नात, मिलिशियावाल्याची बायको आपल्या हाताने सही करते आहे, हे पाहताना अंगावर काटा येतो. कितीतरी बायकांचे एवढेच हस्ताक्षर उरले आहे.

ऑकलंडच्या दक्षिणेच्या टेकड्यांचे ‘बॉम्बे हिल्स’ हे नाव आपल्या मुंबईवरून का?

हो, पण मुंबईचे लोक येऊन वसले म्हणून नव्हे. १८६० च्या दशकात वसाहतकार घेऊन आलेल्या ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजावरून ते पडले. जप्त जमिनीवर नुसते शिपाई पुरणार नाहीत, कुटुंबे हवीत, या विचाराने सरकारने तीस लाख पौंडांच्या कर्जाचा कायदा केला आणि १८६४-६५ मध्ये वायकाटो स्थलांतर योजना राबवली. लंडन, ग्लासगो, आयर्लंडचे क्वीन्सटाउन आणि केप टाउन इथून जहाजे आली. त्यांची नावे: ‘गँजेस’, ‘व्हायोला’, ‘लँकेशायर विच’, ‘स्टाइनवार्डर’, ‘ॲल्फ्रेड’. आयर्लंडहून निघालेल्या ‘गँजेस’वर साथीने अनेक लहान मुले दगावली. गंगेचे नाव मिरवणाऱ्या जहाजावरून ती समुद्रात सोडली गेली.

ही घरे शिपायांची नव्हती. त्यांना पुकेकोहे, बॉम्बे, टुआकाऊ अशा भागांत छोटे तुकडे मिळाले, दाट रान तोडून शेत करायचे होते. पण पुढच्या पिढीत त्यांच्या मुली मिलिशियाच्या घरांत गेल्या, म्हणून दोन्ही दप्तरे जवळ ठेवून शोध घ्यावा. या लाल मातीत पुढे गुजराती आणि पंजाबी कुटुंबांनी बटाटे-कांदे पिकवले, आणि त्याच पुकेकोहेत १९२० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ उभी राहिली. बाहेरून येऊन जमिनीवर बसलेल्यांच्या नातवंडांनी नव्याने येणाऱ्यांना उपरे म्हटले. भारतीय वाचकाने हे माहीत करून घ्यावे.

पूर्वजाचा जन्म भारतात झाला असे लिहिले आहे. कुठे शोधू?

हे अगदी शक्य आहे. फेन्सिबलांपैकी अनेकांनी हिंदुस्थानात आणि पहिल्या अफगाण युद्धात नोकरी केली होती. त्यांच्या एका जहाजाचे नावच ‘सर रॉबर्ट सेल’ होते, जलालाबाद लढवणाऱ्या सेनानीवरून. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च त्याच मोहिमांतल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधले आहे. त्या भिंतींवरच्या पलटणींची नावे आणि हॉविकच्या पेन्शनरांच्या पलटणी ताडून पाहण्यासारख्या आहेत. नंतरच्या काळातही ये-जा होती: ५७ वी पलटण १८६१ मध्ये मुंबईहून न्यूझीलंडला आली, ७० वी त्याच वर्षी हिंदुस्थानातून, ४३ वी १८६३ मध्ये कलकत्त्याहून. यातल्या काही शिपायांनी इथेच नाव कापून घेतले आणि जमीन धरली.

मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. बंगालची ‘एन/१’, मद्रासची ‘एन/२’. पुणे, खडकी, अहमदनगर, बेळगाव, कुलाबा, डीसा, कराची अशी छावण्यांची नावे त्यात भेटतील. स्पेलिंगकडे लक्ष ठेवा, खडकी ‘किर्की’ होते. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची विनामूल्य सूचीही कामाची आहे.

काही नोंदींत आईचे नुसते ‘मेरी’ असे नाव येते, आडनाव नाही, माहेर नाही. कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या घरांत अनेक स्त्रिया भारतीय किंवा मिश्र वंशाच्या होत्या आणि बाप्तिस्म्यात त्यांचे मूळ नाव पुसले जाई. प्रत्येक ‘मेरी’ तशी नसते, पुरावा हवा. पण व्याह्यांच्या घरी “आजी थोडी सावळी होती” अशी कुजबुज असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. ती स्त्री कदाचित आपल्याच मुलखातली, छावणीच्या बाजारातली असेल.

जनगणनेचे कागद मिळतील का?

न्यूझीलंडचे नाहीत. घरोघरचे जुने तक्ते नष्ट केले गेले. त्यांच्याऐवजी मतदारयाद्या, आणि १८८२ ची जमीनमालकांची छापील यादी.

सगळे इंग्रज आणि आयरिशच होते का?

नाही. बोहेमियातून आलेले कॅप्टन मार्टिन क्रिप्नर यांच्या कंपनीत त्यांचे जर्मन बोलणारे देशबांधव होते आणि ते ओहाउपोला वसले. रानात लढणाऱ्या ‘फॉरेस्ट रेंजर्स’ तुकडीचे प्रसिद्ध अधिकारी फॉन टेम्प्स्की प्रशियाचे. अशा घरांत आडनावे इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा नाव मोठ्याने उच्चारून त्याची निरनिराळी रूपे शोधा.

पूर्वजाला पदक मिळाले नाही. म्हणजे तो लढलाच नाही?

तसे नाही. न्यूझीलंड युद्धपदक १८६९ मध्ये सुरू झाले आणि वसाहतीच्या सैनिकांना त्यासाठी अर्ज करून आपण गोळीबाराखाली होतो हे दाखवावे लागे. अनेकांनी अर्जच केला नाही. ज्यांनी केला, त्यांची फाइल मात्र मिळवाच: तिच्यात माणूस स्वतःच्या शब्दांत आपण कुठे होतो ते सांगतो. अर्ज फेटाळला असेल तरी फाइल राहते.

जप्त जमिनीची गोष्ट कुळकथेत लिहावी का? घरातले दुखावतील.

लिहावी. मी प्रत्येकाला हेच सांगते. शिपायाने कष्ट केले, त्याच्या बायकोने चिखलात मुले वाढवली, हे खरे. ती जमीन दुसऱ्या घरांच्या चुली विझवून मिळाली, हेही तितकेच खरे. पोटाटाऊंचे पुत्र राजा टाफियाओ आपल्या लोकांसह दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात गेले आणि १८८१ मध्ये पिरोंगिआला येऊन त्यांनी हत्यारे खाली ठेवली. त्यांच्या वंशजांना शतकाहून जास्त वाट पाहावी लागली. मे १९९५ मध्ये वायकाटो-टाइनुईबरोबर समझोता झाला. त्याच्या कायद्यात राजसत्तेची क्षमायाचना आहे आणि ३ नोव्हेंबर १९९५ रोजी राणी एलिझाबेथ यांनी त्यावर स्वतः सही केली. भरपाई १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची होती. गेलेल्या जमिनीच्या मोलाच्या मानाने ती थोडी.

तुमच्या पूर्वजाच्या पट्ट्यावर तुकड्याचा क्रमांक असतो. त्या जागेचे माओरी नाव शोधा, तिथे कुठल्या हापूची, म्हणजे कुळाची, वस्ती होती ते विचारा, आणि वंशवृक्षाच्या त्या पानावर ते लिहा. काही घराण्यांत माओरी पणजीही सापडते. तिच्याबद्दल कागदांवर विसंबू नका, कारण माओरींच्या जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची झाली ती १९१३ मध्ये. तिच्या माणसांकडे त्यांची फाकापापा, म्हणजे वंशावळ, तोंडपाठ असते. ती विचारताना घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्या होकाराशिवाय ती इंटरनेटवर टाकू नका.

सुरुवात आज, घरबसल्या कशी करू?

आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोला आणि ते रेकॉर्ड करा. मग नॅशनल लायब्ररीच्या ‘पेपर्स पास्ट’ या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात नाव, गाव आणि जहाज एकत्र घालून शोधा. ते फुकट आहे, आणि ‘डेली सदर्न क्रॉस’मध्ये जहाजांच्या बातम्या आणि न्यायालयातली भांडणेसुद्धा सापडतात. नंतर सरकारी जन्म-मृत्यू सूची, त्यानंतर आर्काइव्ह्ज न्यूझीलंडची मिलिशियाची नामावली आणि मृत्युपत्रे. फेन्सिबल असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली ‘डब्ल्यूओ ९७’ ही निवृत्तीच्या कागदांची मालिका. आयर्लंडचा शोध शेवटी ठेवा: १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले दप्तर जळाले, त्यामुळे तिथे नेमका परगणा आणि गाव हाती असल्याशिवाय वेळ वाया जातो. तो तपशील बहुतेकदा न्यूझीलंडमधल्याच एखाद्या दाखल्यावर किंवा थडग्यावर कोरलेला असतो.